शाळेच्या आवारात 'अल्कोहोलविरहित बिअर': नेमका कोणता नियम लागू होतो?

वर्गशिक्षिका, नाशिक

मी एका खासगी अनुदानित शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना आमच्या शिपाईमामांना रंगमंचामागे चार मुले बिअरचे डबे हातात घेऊन बसलेली दिसली आणि त्यांनी धावत येऊन मुख्याध्यापकांना सांगितले. पुढच्या अर्ध्या तासात चारही घरी फोन गेले आणि प्रत्येक फोनवर 'तुमचा मुलगा शाळेत दारू पिताना सापडला' हेच वाक्य उच्चारले गेले. दुसऱ्या दिवशीच्या सभेत एका मुलाच्या आईने रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि त्यावर काय छापले आहे ते आधी वाचावे, अशी विनंती केली. नाव, रंग आणि बोधचिन्ह एका प्रसिद्ध बिअर कंपनीचेच होते, पण खाली ठळक अक्षरांत '०.०' आणि 'अल्कोहोलविरहित पेय' असे लिहिलेले होते. मुलांनी हे डबे फाटकासमोरच्या किराणा दुकानातून, शीतपेयांच्या कपाटातून, उघडपणे विकत घेतले होते आणि दुकानदाराने पावतीही दिली होती.

आता शिक्षककक्षात दोन तट पडले आहेत. शिस्त समितीचे म्हणणे असे की मुलांना पंधरा दिवस शाळेत येऊ देऊ नये आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात याची नोंद व्हावी. काही सहकाऱ्यांना हे उसाच्या रसावरून शिक्षा करण्यासारखे वाटते. मला स्वतःला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात, म्हणून विचारते. दुकानदाराने अल्पवयीन मुलांना हे विकणे बेकायदेशीर आहे का? मुलांनी ते पिणे हा गुन्हा ठरतो का? आणि कायद्याने गुन्हा नसेल, शाळेच्या नियमावलीतही याचा उल्लेख नसेल, तर शाळा कोणत्या आधारावर आणि किती शिक्षा करू शकते?

कायद्याचा अभ्यासक, पुणे

ताई, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, तिसऱ्याचे तेवढे नाही.

मद्य कशाला म्हणायचे याची अन्नसुरक्षा कायद्यातील व्याख्या 'अन्नसुरक्षा व मानके (मद्ययुक्त पेये) विनियम, २०१८' मध्ये आहे आणि हे विनियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यांनुसार आकारमानाने ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय हे मद्ययुक्त पेय ठरते, आणि ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयाच्या वेष्टनावर 'मादक नाही' किंवा तशा अर्थाचे शब्द छापण्यास मनाई आहे. तुमच्या मुलांच्या हातातला '०.०' डबा या व्याख्येत बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो सरबत किंवा सोड्याच्या बाटलीच्या रांगेतला आहे आणि त्याच्या विक्रीला वयाची अट नाही. मुलांकडे पावती असेल तर ती अवश्य पाहा. खऱ्या मद्यावर वस्तू व सेवा कर लागतच नाही, कारण मानवी सेवनाचे मद्य या कराच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. अल्कोहोलविरहित बिअरला मात्र तो लागतो, आणि करप्रणालीतील तिचा वर्गही वेगळा आहे: बिअर २२०३ मध्ये, तर अल्कोहोलविरहित बिअर पाणी-सरबतांच्या २२०२ मध्ये.

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षे, तर तीव्र बिअर आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. ती मद्याची आहे, या पेयाची नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला मादक मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम कठोर आहे आणि तसेच असायला हवे, पण '०.०' पेय मादक मद्य नसल्यामुळे ते दुकानदाराला येथे लागू होत नाही. शिवाय ते कलम देणाऱ्याला शिक्षा करते, पिणाऱ्या मुलाला नव्हे, हे आपल्याकडे अनेकदा विसरले जाते.

एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम (मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम) यात मद्याची व्याख्या फार रुंद आहे आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव तीत येतात. याच रुंदीमुळे १९५१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या द्रवांपुरत्या काही तरतुदी रद्दबातल ठरवल्या होत्या. त्यामुळे '०.५ टक्क्यांपर्यंत' असे छापलेला डबा मुलांकडे सापडला असता, तर कोणी हट्टी माणूस त्यावर वाद घालू शकला असता. '०.०' बाबत तोही वाद उरत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की 'दारू पिताना सापडला' हे वाक्य तोंडी गेले ते गेले, पण ते कोणत्याही कागदावर येऊ देऊ नका. ते वस्तुस्थितीला धरून नाही आणि अल्पवयीन मुलाच्या नावापुढे तसे लिहिणे शाळेला महागात पडू शकते.

अन्नतंत्रज्ञ

वरील उत्तरात एक व्यावहारिक भर घालतो, कारण 'अल्कोहोलविरहित' आणि '०.०' हे दोन शब्दप्रयोग लोक एकच समजतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अशी पेये ढोबळमानाने दोन वाटांनी तयार होतात. पहिल्या वाटेत नेहमीसारखी बिअर आंबवली जाते आणि मग तिच्यातील अल्कोहोल काढून घेतले जाते. त्यासाठी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे कमी तापमानालाच अल्कोहोल उडून जाते आणि चव करपत नाही. काही ठिकाणी सूक्ष्म पडद्यांतून गाळण्याची पद्धत वापरतात. दुसऱ्या वाटेत आंबवण्याची क्रिया अर्ध्यावर थांबवली जाते किंवा मुळात होऊच दिली जात नाही. केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, म्हणजे माल्टचा, अर्क घेतला जातो, त्यात कडवटपणासाठी हॉप्स आणि वर वायू मिसळला जातो. 'माल्ट' शब्द ऐकून ज्यांच्या भुवया उंचावतात त्यांनी लक्षात घ्यावे की नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण तान्ह्या बाळाला जे सत्त्व भरवतो, तेही धान्य त्याच क्रियेतून गेलेले असते.

आता प्रमाणाचा हिशेब. ३३० मिलिलिटरच्या डब्यात ०.५ टक्के अल्कोहोल असेल तर ते १.६५ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे १.३ ग्रॅम भरते. पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या तेवढ्याच डब्यात ते सुमारे १३ ग्रॅम असते. म्हणजे वरची मर्यादा गाठणारे दहा डबे रिचवल्यावर एका बिअरएवढे अल्कोहोल पोटात जाईल, आणि एवढे पाणी पोटात मावण्याआधीच मूल उठून जाईल. अतिशय पिकलेले केळे, पाव आणि काही फळांचे रस यांतही अल्कोहोलचा अंश नैसर्गिकरीत्या असतो. '०.०' डब्यात तर एवढेही नसते. त्यामुळे या चार मुलांना नशा चढली असेल ही शंका मनातून पूर्ण काढून टाका.

साखर मात्र पाहा. स्वाद घातलेल्या अशा पेयांपैकी बरीचशी गोड असतात आणि १०० मिलिलिटरमागे साखर किती, हे डब्याच्या मागेच छापलेले असते. शाळेने चिंता करायचीच असेल तर मी त्या आकड्याची करीन.

दहावीतल्या मुलाचा बाबा, ठाणे

वरची दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण ती वाचून माझे समाधान झाले नाही. पेयात शून्य टक्के अल्कोहोल आहे हे मी मान्य करतो. तरीही कंपनीने तोच रंग, तेच नाव आणि तसाच डबा का ठेवला, हा प्रश्न आपण विचारणार की नाही? केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ नुसार मद्याच्या जाहिरातींना दूरचित्रवाणीवर बंदी आहे. तेव्हापासून सोडा, पिण्याचे पाणी आणि संगीताच्या तबकड्या अशा नावांखाली हीच बोधचिन्हे आपल्या दिवाणखान्यात येत राहिली, आणि आता '०.०' हे त्यातले नवे पाऊल आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली आणि त्यांत अशा छुप्या जाहिरातींना स्पष्ट मनाई करावी लागली, ती उगाच नव्हे.

चौदा वर्षांचा मुलगा तो डबा तहान लागली म्हणून घेत नाही. मित्रांसमोर हातात धरायला घेतो. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर आपण सगळेच अल्पवयीनांच्या मद्यपानावर तावातावाने बोललो. त्याची रंगीत तालीम शाळेच्या रंगमंचामागे होत असेल आणि 'कायद्यात बसत नाही' म्हणून आपण गप्प बसणार असू, तर ते मला पटत नाही. दाखल्यावर शेरा नको हे मान्य, पण काहीच करू नये हेही नको.

कायद्याचा अभ्यासक, पुणे

आपल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि शाळेने काहीच करू नये असे माझे म्हणणे नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. छुप्या जाहिरातीची तक्रार कंपनीविरुद्ध करायची असते. तिचा दंड त्या जाहिरातीला भुललेल्या मुलाकडून वसूल करायचा नसतो. तसेच एखाद्या मद्य कंपनीने त्याच नावाने दुसरे खरेखुरे उत्पादन विकणे हे आपोआप बेकायदेशीर ठरत नाही, त्यामुळे त्या वाटेने दुकानदारावर कारवाई होईल अशी आशा बाळगू नका.

शाळेच्या हाती त्याहून सोपे साधन आहे. 'अन्नसुरक्षा व मानके (शाळेतील मुलांसाठी सुरक्षित अन्न व संतुलित आहार) विनियम, २०२०' हे १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, मीठ किंवा वरून घातलेली साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, भोजनगृहात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात किंवा फाटकापासून कोणत्याही दिशेने ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत, आणि तेथे त्यांची जाहिरातही करता येत नाही. यात अल्कोहोलविरहित बिअरचे नाव नाही. पण अन्नतंत्रज्ञांनी सांगितलेला साखरेचा आकडा जास्त असेल तर ती या नियमाच्या कक्षेत येते, आणि तेव्हा शेजारच्या कपाटातील साधी शीतपेयेही येतात. समोरचे दुकान फाटकापासून ५० मीटरच्या आत आहे का, ते एकदा मोजून घ्यावे.

श्टुटगार्टवासी

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत राहतो, म्हणून इकडची पद्धत सांगतो. अनुकरण करावे असा आग्रह नाही. येथे बिअर आणि वाईन १६ व्या वर्षापासून विकत घेता येते, पालक सोबत असतील तर १४ व्या वर्षीही पिता येते, आणि ०.५ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलविरहित बिअरला कायद्याने वयाची अट नाही. गडद गोड माल्टबिअरला तर लोक गमतीने 'मुलांची बिअर' म्हणतात. माझ्या मुलीच्या वर्गात वाढदिवसाला ती आली तेव्हा एकटा मीच दचकलो होतो.

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा अनुभव उलटा आहे. ब्रिटनच्या परवाना कायद्यानुसार ०.५ टक्क्यांपर्यंतचे पेय मद्य मानले जात नाही, तरीही मोठी दुकाने स्वतःच्या धोरणानुसार ते विकताना वयाचा पुरावा मागतात. त्याहून पुढे जाऊन, जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या इंग्लंडच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात १८ वर्षांखालील मुलांना अशी पेये विकण्यावर बंदी घालण्याचा विचार मांडला गेला. त्यासाठी दिलेले कारण या पेयांतील अल्कोहोल हे नाही. मद्यपान ही नेहमीची गोष्ट वाटू लागते, हे आहे. म्हणजे ठाण्याच्या बाबांची काळजी त्यांच्या एकट्याची नाही. फरक एवढाच की तिथे चर्चा दुकानाने काय विकावे याची चालली आहे, मुलाला काय शिक्षा करावी याची नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

बाई, मी ३१ वर्षे शाळेत काढली आणि त्यांपैकी १२ वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर, म्हणून तुमच्या मुख्याध्यापकांची त्या अर्ध्या तासातली अवस्था मला समजते. शिपाई धावत येऊन 'बिअर' म्हणतो तेव्हा डबा मागवून वाचावा हे सुचत नाही. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती दूध पिणाऱ्याला सावध करण्यासाठी सांगतात, हे खरे. पण मुख्याध्यापकाने लोकांसारखे लांबूनच बोलायचे नसते. त्याने झाडापर्यंत चालत जाऊन पेल्यात काय आहे ते पाहायचे असते.

म्हणीवरून आठवले, आपल्या राज्याच्या कायद्याला हा भेद नवा नाही. सकाळची नीरा आपण मुलाबाळांना पाजतो. तेच पेय उन्हात राहून आंबले की ताडी होते. दारूबंदी अधिनियमाने नीरेची वेगळी व्याख्या केली, आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला रस तो नीरा, असे ठरवले आणि तिच्या विक्रीची वेगळी सोय केली. मी स्वतः सहलीत मुलांना नीरा पाजली आहे आणि एकाही पालकाने तक्रार केली नाही. तिचे भांडे ताडीच्या भांड्यासारखे दिसले असते तर कदाचित केली असती.

आता वर्तणुकीच्या रकान्याबद्दल. शाळा सोडल्याच्या दाखल्यातला तो एक शब्द मुलाबरोबर कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत जातो आणि तेथे त्याचा खुलासा करायला आपण हजर नसतो. माझ्या कारकिर्दीत मी 'चांगली' याखेरीज वेगळे फक्त दोनदा लिहिले, आणि त्यांपैकी एकदा लिहिल्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. ज्या गोष्टीला कायदा मद्य म्हणत नाही आणि जिच्याविरुद्ध शाळेने आधी नियम केलेला नाही, तिच्यासाठी पंधरा दिवस मुलाला घरी बसवणे मला मान्य नाही. मुले नववीत आहेत, त्यामुळे आठवीपर्यंत मिळणारे शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. पण कायद्याने अडवले नाही म्हणून शिक्षा योग्य ठरत नाही. तालीम सोडून रंगमंचामागे बसणे आणि परवानगीशिवाय फाटकाबाहेर जाणे या दोन गोष्टी मात्र नक्की नियमभंगाच्या आहेत. शिक्षा करायची तर त्यांची करा, आणि ती नेहमी जेवढी करता तेवढीच करा.

पुढच्यासाठी नियम अवश्य करा. फक्त त्यात बिअरला पहिले स्थान देऊ नका, कारण ज्याचे नाव फलकावर लागते त्याचे आकर्षण मुलांना दुप्पट होते. ऊर्जापेयांचा प्रश्न माझ्या मते याहून गंभीर आहे. त्यांच्यातील कॅफिनचा परिणाम खरा असतो आणि मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना डब्यावरच छापलेली असते. जुलै २०२४ मध्ये तत्कालीन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा विधान परिषदेत केली होती, हे शिस्त समितीला सांगा. त्या समितीने गेल्या वर्षभरात ऊर्जापेयाचा एक तरी डबा जप्त केला आहे का, हेही विचारा.

दहावीतल्या मुलाचा बाबा, ठाणे

सरांचे म्हणणे पटले. ऊर्जापेयांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या घरच्या फ्रीजमध्ये दोन डबे आहेत, हेही कबूल करतो.

वर्गशिक्षिका, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा सभा झाली. मी येथील मुद्दे कागदावर उतरवून नेले होते. मुख्याध्यापकांनी डबा स्वतः हातात घेऊन वाचला आणि चारही घरी पुन्हा फोन करून आधीचे वाक्य मागे घेतले, हे मला विशेष वाटले. दाखल्यावरील नोंदीचा प्रस्ताव रद्द झाला. परवानगीशिवाय बाहेर गेल्याबद्दल मुलांना दोन दिवस तालमीत भाग घेता येणार नाही, एवढेच ठरले. शिपाईमामा मात्र थोडे नाराज आहेत. त्यांचे म्हणणे असे की त्यांनी जे पाहिले तेच सांगितले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मलाही वाटत नाही. समोरचे दुकान फाटकापासून २२ मीटरवर निघाले. दुकानदाराला आम्ही भेटलो, २०२० च्या विनियमांची प्रत दिली, आणि त्याने गोड पेयांचे कपाट शाळेच्या वेळेत झाकून ठेवण्याचे कबूल केले आहे. किती दिवस पाळतो ते पाहू.

पालक-शिक्षक संघासमोर ठेवण्यासाठी नियमाचा मसुदा असा केला आहे: 'विद्यार्थ्यांनी शाळेच्या वेळेत, आवारात आणि सहलीत पाण्याखेरीज कोणतेही बाटलीबंद अथवा डबाबंद पेय आणू अथवा पिऊ नये. यात शीतपेये, ऊर्जापेये आणि बिअरसारखी दिसणारी पेये यांचा समावेश आहे.' यात काही दुरुस्ती सुचवाल का?

कायद्याचा अभ्यासक, पुणे

दोन दुरुस्त्या सुचवतो. 'बिअरसारखी दिसणारी' ही व्याख्या होऊ शकत नाही, कारण जिरे-सोड्याच्या कित्येक बाटल्याही तशाच दिसतात आणि उद्या त्यावर नवा वाद होईल. त्याऐवजी 'मद्याच्या नावाने अथवा बोधचिन्हाने विकली जाणारी अल्कोहोलविरहित पेये' असे लिहा. आणि 'वैद्यकीय कारणासाठी लागणारी पेये वगळून' हे शब्द जोडा, म्हणजे मधुमेही मुलाच्या दप्तरातील फळांच्या रसाचा डबा कोणी काढून घेणार नाही.